घारापुरीचा खांब, ग्लॉस्टरशरचा पूल

सेझिनकोटचा रस्ता घरापाशी पोचण्याआधी एका ओढ्यावरून जातो. ओढ्यावर पूल आहे आणि पुलाच्या कठड्यांवर नंदी बसले आहेत, पाय पोटाशी घेऊन, अगदी आपल्याकडे बसतात तसे. भोवती मात्र इंग्लंडचा ग्लॉस्टरशर परगणा: ओकची झाडं, मेंढ्यांनी कुरतडलेलं गवत, सदा ओलसर हवा. पूल ओलांडून पुढे गेलं की झाडांआडून घर दिसतं. माथ्यावर तांब्याचा फुगीर, टोकदार घुमट. तांबं हवेने हिरवंनिळं झालेलं. चार कोपऱ्यांवर चार छत्र्या. भिंतीबाहेर चांगला लांब काढलेला दगडी छज्जा आणि त्याच्याखाली ब्रॅकेटची रांग. मुख्य मजल्याच्या खिडक्यांवर फुललेल्या मोरपिसाऱ्याच्या कमानी. आग्र्याच्या आसपास असतं तर कुणी वळूनही पाहिलं नसतं. पण हे मॉर्टन-इन-मार्श या बाजाराच्या गावाजवळ उभं आहे, आणि इंग्लंडच्या सरकारी यादीत ते पहिल्या श्रेणीची वारसा वास्तू म्हणून नोंदलेलं आहे.

गाडीतून येणाऱ्या पाहुण्याला एक गोष्ट मात्र दिसत नाही, कारण ती पुलाच्या पोटात आहे. खाली उतरून ओढ्यात टाकलेल्या दगडांवर पाय देत पुलाखाली शिरायचं. तिथे ठेंगणे, जाडजूड खांब पूल पेलून उभे आहेत. गेटवेवरून लाँच पकडून घारापुरीला जाऊन आलेल्या माणसाला हे कुठेतरी पाहिल्यासारखे वाटतील. पाहिलेलेच आहेत. हे खांब घारापुरीच्या लेण्यांवरून उतरवलेले आहेत. सेझिनकोटवर लिहिणारे बहुतेक जण घुमटात रमतात आणि मुघल, मुघल म्हणत निघून जातात. मला घुमटापेक्षा या खांबांचं गोत्र जास्त बोलकं वाटतं. ते शोधत गेलं की सगळ्या घराची वंशावळ हाती येते.

घराचा पैसा कलकत्त्याचा. कॉकरेल कुटुंबातले दोन भाऊ ईस्ट इंडिया कंपनीच्या राज्यात नशीब काढायला बंगालला गेले. त्यातला थोरला जॉन हा कर्नल. परतल्यावर १७९५ मध्ये त्याने ही इस्टेट घेतली आणि १७९८ मध्ये तो वारलाच. इस्टेट भावंडांत वाटली गेली. धाकट्या चार्ल्सने इतरांचे हिस्से विकत घेऊन ती एकट्याच्या नावावर केली. चार्ल्स कलकत्त्यात पोस्टमास्तर जनरल होता, पण टपाल खात्याच्या पगारात कुणी घुमट बांधत नाही. खरी मिळकत होती पॅक्स्टन, कॉकरेल अँड ट्रेल या एजन्सी हाऊसची. एजन्सी हाऊस म्हणजे पेढी, दलाली आणि सावकारी एकाच छपराखाली. कंपनीच्या गोऱ्या नोकरांनी बऱ्यावाईट मार्गाने साठवलेला पैसा ठेवून घ्यायचा, व्याजाने फिरवायचा, विलायतेला सुखरूप पोचवायचा, आणि लढायांमुळे तिजोरीत खडखडाट झाला की खुद्द कंपनीलाच कर्ज द्यायचं.

अशी माणसं मायदेशी परतली की तिथले जुने जमीनदार नाकं मुरडत. ‘नॅबॉब’ म्हणून त्यांची टिंगल होई. कालपरवा कारकून म्हणून गेलेला पोरगा येऊन शेजारची इस्टेट विकत घेतो, पार्लमेंटची जागाही पटकावतो, हे त्यांना सहन होत नसे. (चार्ल्सनेही दोन्ही गोष्टी केल्या, १८०९ मध्ये त्याला बॅरोनेट हा किताबही मिळाला.) वॉरन हेस्टिंग्जवरचा महाभियोग १७८८ पासून १७९५ पर्यंत रेंगाळला, त्यामागे तत्त्वाइतकीच ही जळजळही होती. शहाणा नॅबॉब मग काय करी? घर बांधी ते अगदी इंग्लिश. शेजाऱ्यांनी बोट दाखवू नये असं.

हे घर बांधून देणारा वास्तुकार पुष्कळदा एकच असे. सॅम्युएल पीप्स कॉकरेल, चार्ल्सचा सख्खा भाऊ. रोजनिशीमुळे गाजलेल्या सॅम्युएल पीप्सच्या बहिणीच्या वंशातला, म्हणून हे नाव. तो कंपनीचा सर्व्हेअर झाला, कंपनीच्या माणसांची घरं बांधून त्याचा धंदा बहरला, पण स्वतः कधी हिंदुस्थानात गेला नाही. भावाच्या भागीदारासाठी, विल्यम पॅक्स्टनसाठी, त्याने वेल्समध्ये मिडल्टन हॉल बांधला. त्यात हिंदुस्थानचा मागमूस नव्हता. हेस्टिंग्जसाठी डेल्सफर्डचं घर बांधलं, तेही १७८८ नंतरच्या त्या महाभियोगाच्याच वर्षांत. डेल्सफर्ड सेझिनकोटपासून काही मैलांवर आहे. तिथे बाहेरून सगळं युरोपीय शिस्तीत, वर एक बेताचा घुमट, ज्याचा अर्थ ज्याने त्याने लावावा. हिंदुस्थान होता तो आत, शेकोटीच्या संगमरवरी चौकटीवर थॉमस बँक्सने कोरलेल्या आकृत्यांत. खटल्यात सापडलेल्या माणसाने आपला भूतकाळ दिवाणखान्यातच ठेवावा हे समजण्यासारखं आहे.

चार्ल्सवर खटला नव्हता. शिवाय १८०० नंतर हवा बदलली होती. श्रीरंगपट्टण पडलं होतं, टिपू मेला होता, हिंदुस्थान ही लाज वाटण्याची नव्हे तर मिरवण्याची गोष्ट होऊ लागली होती. १८०५ च्या सुमाराला सेझिनकोटचं काम सुरू झालं तेव्हा भावाने भावाला मुघल घर मागितलं.

आता न पाहिलेल्या देशाचं घर बांधायचं कसं? कागदावरून. आणि कागदही तोवर मुबलक झाला होता. त्याची सुरुवात विल्यम हॉजेसने केली. तो हेस्टिंग्जच्या आश्रयाने १७८० ते १७८३ हिंदुस्थानात फिरला आणि परत जाऊन त्याने चित्रसंग्रह छापला. जॉर्ज डान्सने १७८८ मध्ये लंडनच्या गिल्डहॉलला जो दर्शनी भाग जोडला, त्याच्या कमानींत हॉजेसची चित्रं डोकावतात. पण हॉजेसचा हात सैल होता. त्याला संध्याकाळचा उजेड आवडे, धुकं आवडे. त्याच्या चित्रावरून सुताराला किंवा पाथरवटाला माप काढता आलं नसतं.

माप काढता येईल अशी चित्रं आणली डॅनियल काका-पुतण्यांनी. थॉमस डॅनियल आणि त्याचा विशीही न गाठलेला पुतण्या विल्यम १७८६ मध्ये कलकत्त्याला उतरले. पुढची सात वर्षं दोघं होडीने, पालखीने, घोड्यावरून हिमालयाच्या पायथ्यापासून दक्षिणेच्या टोकापर्यंत हिंडले. बरोबर कॅमेरा ऑब्स्क्युरा असे. अंधाऱ्या पेटीत भिंगातून समोरच्या इमारतीची सावली कागदावर पडते आणि तिच्यावरून पेन्सिल फिरवायची. त्यामुळे कमानीच्या पाकळ्या मोजून आणि छज्ज्याचा कोन पाहून घेता येई. इंग्लंडला परतल्यावर १७९५ ते १८०८ या काळात त्यांनी ‘ओरिएंटल सीनरी’ हा सहा भागांचा, १४४ चित्रांचा संग्रह काढला.

ही चित्रं अ‍ॅक्वाटिंट पद्धतीची. गुळगुळीत तांब्याच्या पत्र्यावर राळेची भुकटी उडवायची, पत्रा खालून तापवायचा, म्हणजे भुकटीचे कण वितळून जागच्या जागी चिकटतात. मग पत्रा आम्लात बुडवायचा. कणांच्या मधल्या फटींतून आम्ल तांबं खातं आणि पत्र्यावर बारीक रवाळ पोत उठतो, ज्यात शाई धरते. जास्त वेळ खाऊ दिलं की गडद सावली, लवकर काढलं की फिकट आभाळ. जिथे उजेड हवा तिथे आधीच वॉर्निश लावून झाकायचं. छापून झाल्यावर प्रत्येक ठसा हाताने रंगवायचा. विल्यमने बरेचसे पत्रे स्वतः तयार केले. या पद्धतीत एक खोड आहे. सावल्यांचे टप्पे स्वच्छ पडतात, त्यामुळे इमारतीही स्वच्छ दिसतात. शेवाळ, उखडलेला गिलावा, भिंतीतून निघालेला पिंपळ, हे असलं तरी देखणं होऊन येतं. सेझिनकोटच्या भिंती पाहताना मला नेहमी वाटतं की हे घर आग्र्याची नक्कल नाही, अ‍ॅक्वाटिंटची आहे. कडा त्याच, सपाट उजेड तोच, आणि कुठेही एक टवका उडालेला नाही.

डॅनियल परतीच्या वाटेवर १७९३ मध्ये मुंबईला आले, आणि इथे आपल्या खांबाची गाठ पडते. मुंबईत त्यांना जेम्स वेल्स भेटला. स्कॉटलंडच्या पीटरहेडचा हा चित्रकार १७९१ पासून मुंबई-पुण्याकडे होता. पुण्याच्या दरबारातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या ओळखीने त्याला पेशव्यांच्या दरबारात प्रवेश मिळाला. सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी शिंदे यांची जी तैलचित्रं आपण इतिहासाच्या पुस्तकांत पाहत आलो, ती या वेल्सची. मॅलेटने पुण्यात चित्रकलेची एक शाळा काढायला लावली होती आणि तिच्यातून पुढे आलेला गंगाराम तांबट हा वेल्सचा मदतनीस. तांबटाने मॅलेटसाठी वेरूळची चित्रं काढली. त्याची पुष्कळ रेखाटनं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. परंपरेने मूर्ती घडवणारा हात पाश्चात्त्य पद्धतीचं रेखाटन शिकत होता, तेही शनिवारवाड्याच्या सावलीत, ही गोष्ट आपल्याकडे अजून पुरेशी सांगितली गेलेली नाही. पण तो वेगळा विषय.

वेल्सला लेण्यांचं वेड होतं. त्याने डॅनियलना घारापुरी दाखवली, कान्हेरी दाखवली, कार्ल्याला नेलं. घारापुरी तोवर इंग्रजांच्या ताब्यात आलीच होती. पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे गेलेली साष्टी इंग्रजांनी १७७४ मध्ये हिसकावली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टीबरोबर घारापुरीही कंपनीकडे राहिली. त्यामुळे बंदरातून होडी काढून लेण्यात जाऊन बसायला कुणाची परवानगी लागत नव्हती. वेल्स १७९५ च्या अखेरीस ठाण्याला तापाने गेला. त्याची वेरूळची चोवीस चित्रं थॉमस डॅनियलने पुढे १८०३ मध्ये तांब्यावर उतरवून प्रसिद्ध केली, आणि ती ‘ओरिएंटल सीनरी’च्या १४४ चित्रांत धरली जातात. दुसरंही एक काम वेल्सच्या कागदांवरून पुरं झालं. १७९० साली टिपूविरुद्धचा तह करताना पुण्याच्या दरबारात बसलेला मॅलेट, हे थॉमस डॅनियलचं मोठं चित्र १८०५ चं. सध्या ते लंडनच्या टेट संग्रहात आहे. म्हणजे एकाच सुमाराला हा माणूस एका हाताने पेशव्यांचा दरबार रंगवत होता आणि दुसऱ्या हाताने कॉकरेल बंधूंना छज्जा किती बाहेर काढावा हे सांगत होता.

घराचा आराखडा सॅम्युएलचा, सल्ला थॉमसचा, आणि घरमालकाला स्वतःच्या आठवणी होत्याच. असं तिघांनी मिळून बांधलेलं घर कसं होतं ते छज्ज्यात बघावं. फत्तेपूर सिक्रीला अकबराने छज्जे लांब काढले ते ऊन भिंतीवर येऊ नये म्हणून आणि पावसाळ्यात पागोळ्या पायापासून दूर पडाव्यात म्हणून. ग्लॉस्टरशरला ऊन भिंतीवर यावं म्हणून लोक देवाला आळवतात. तिथे हा छज्जा नुसता अलंकार झाला. तरी अलंकार म्हणूनही तो काम करतो. तिथल्या तिरप्या, कोवळ्या उन्हातही त्याची सावली भिंतीवर ठळक रेघ ओढते आणि एरवी ठोकळ्यासारखी दिसली असती अशी इमारत हलकी होते. खिडक्यांचं उलट झालं. मुघल वास्तूत अशा कमानीमागे जाळी असती, उजेड गाळून घेणारी. इथे उजेड गाळणं परवडत नाही, म्हणून कमानीत काचेची मोठी तावदानं आली. मोरपिसारा राहिला, जाळी गेली.

घुमटाबद्दल एक खवचट निरीक्षण नोंदवतो. मधे मोठा घुमट आणि चार कोपऱ्यांना चार छत्र्या, ही मांडणी मुघलांनी सर्वांत दिमाखात वापरली ती कबरींवर. हुमायूनची कबर, ताजमहाल. राहत्या महालांना बहुधा सपाट छपरं आणि वर सुट्या छत्र्या असत. डॅनियलच्या चित्रांत कबरी, मशिदी, महाल सगळे एकाच रुबाबात येतात आणि पानं उलटणाऱ्या माणसाला देखणेपणाच तेवढा दिसतो. चार्ल्स कॉकरेल कबरीच्या माथ्याखाली १८३७ पर्यंत सुखाने राहिला. याचं त्याला काही वाटलं असेल असं दिसत नाही. इंग्रजांनी सुरतेला सतराव्या शतकात स्वतःच्या कबरींवर घुमट चढवलेच होते. इथे फक्त जिवंतपणी चढवला.

दगड जवळच्याच खाणीचा. त्याला नारिंगी छटा यावी म्हणून वरून रंग दिला होता असं सांगतात. घराच्या एका बाजूने काचेची संत्रीबाग अर्धवर्तुळात वळत जाते आणि अष्टकोनी छत्रीपाशी संपते. बहुदली कमानींची रांगच्या रांग, पण वळण मात्र पक्कं अठराव्या शतकातल्या इंग्लंडचं. मुघल बागेत अशी वाकडी रेघ कुठे सापडायची नाही. दुसऱ्या बाजूच्या अष्टकोनात चार्ल्सची निजायची खोली होती, तंबूसारखी सजवलेली.

आणि आत? आत शिरलं की हिंदुस्थान दारातच थांबतो. जिना, दिवाणखाना, छताची नक्षी सगळं ग्रीक वळणाचं, त्या काळच्या लंडनी अभिरुचीचं. वरून शेरवानी आणि आत तीन तुकड्यांचा सूट. याची थट्टा करणं सोपं आहे. पण त्या काळी शैली हा इमारतीचा आत्मा वगैरे मानला जात नव्हता. ती प्रसंगानुसार निवडायची असे. बागेत उभं राहून पाहणाऱ्याला एक प्रसंग, जेवायला बसणाऱ्याला दुसरा.

बाग थॉमस डॅनियलच्या हाती होती. हम्फ्री रेप्टन हा तेव्हाचा नावाजलेला बागरचनाकारही सल्ल्याला होता, पण बागेतल्या वास्तू डॅनियलच्या. वर उतारावर सूर्याचं देऊळ, त्यापुढे पाण्याचं टाकं, तिथून झरा खाली वाहत पुलाखालून जातो, आणि पुढच्या तळ्यात खोडाला विळखा घातलेल्या तीन फण्यांच्या नागाचं कारंजं. देवळातला सूर्य कोड स्टोनचा. हा दगड नव्हेच. लंडनच्या लँबेथमध्ये एलेनॉर कोड नावाच्या बाईंचा कारखाना होता, तिथे खास मिश्रणाची माती साच्यात घालून कित्येक दिवस भट्टीत भाजत. थंडीपावसाला ती खऱ्या दगडापेक्षा चिवट निघे. लॉर्ड लोकांच्या फाटकांवरचे सिंह, व्हीनसच्या मूर्ती, कलश अशा मालाबरोबर त्या भट्टीतून एक सूर्यनारायणही निघाला. त्याची कुणी प्राणप्रतिष्ठा केली नाही हे सांगायला नकोच.

नंदींवरून मात्र पत्रव्यवहार झाला. पुलावरचे नंदी हलवावेत की काय असा विचार चार्ल्सच्या मनात आला असावा. डॅनियलने त्याला लिहिलं त्याचा मथितार्थ असा की हिंदूंच्या देवांचा शिल्पकार विश्वकर्मा जर सेझिनकोटला डोकावला, तर तोही म्हणेल, नंदी आहेत तिथेच राहू द्या. पत्रात जिव्हाळा आहे आणि थोडी लबाडीही. कारण विश्वकर्मा खरोखर आला असता तर त्याने पहिला प्रश्न विचारला असता की नंदी आहेत, पिंडी कुठे आहे? आपल्याकडे नंदीची जागा त्याच्या नजरेवरून ठरते, तो बघतो ते गाभाऱ्याकडे. पुलाच्या कठड्यावर बसून तो गाड्यांची वर्दळ बघत बसत नाही. डॅनियलने हजारो मैल हिंडून शेकडो देवळं काढली होती. त्याला हे ठाऊक नसेल असं मी मानत नाही. त्याने नंदीला नोकरी बदलून दिली. देवाच्या वाहनाचा त्याने दारावरचा मानकरी केला.

असंच नोकरी बदलणं पुलाखालच्या खांबांचं झालं आहे, आणि ते फार मजेचं आहे. घारापुरीचं मोठं लेणं सहाव्या शतकातलं. तिथला खांब खाली चौकोनी, वर गोलसर आणि उभ्या पन्हाळ्यांचा, माथ्याला वजनाने दबल्यासारखं आमलकाचं शीर्ष. पण ते दबणं हा अभिनय आहे. तो खांब कुणी उभा केलेला नाही. डोंगर वरून खाली, बाहेरून आत पोखरत जाताना जो दगड मुद्दाम ठेवला, तो खांब. छताचा भार डोंगर आपला आपण पेलतो. म्हणून तर घारापुरीत कित्येक खांब मधेच तुटून वरचा भाग छताला लोंबकळत राहिला होता आणि छत जागचं हललं नव्हतं. पुरातत्त्व खात्याने नंतर खांब पुन्हा बांधून काढले. लेणं खोदणाऱ्यांनी तो आकार घेतला कुठून? बांधीव इमारतींतून, जिथे लाकडाचा नाहीतर दगडाचा खांब खरोखर भार उचलतो. म्हणजे बांधकामाचा खांब डोंगरात शिरला तेव्हा त्याचं काम सुटलं आणि रूप उरलं. बाराशे वर्षांनी ते रूप वेल्सच्या संगतीने आलेल्या माणसाच्या कागदावर उतरलं, कागदावरून राळ आणि आम्लातून तांब्यावर गेलं, आणि ग्लॉस्टरशरच्या पाथरवटाने ते पुन्हा दगडात घडवलं तेव्हा त्याच्या डोक्यावर पूल होता, पुलावरून घोडागाड्या जात होत्या. मधल्या सगळ्या पिढ्यांत बेकार बसलेल्या खांबाला इंग्लंडात जाऊन परत काम लागलं. ठेंगणेपण त्याला इथे शोभतं. घारापुरीच्या अंधारात जे गांभीर्य वाटतं, ते पुलाखालच्या ओल्या सावलीत थोडंफार तरी आलं आहे, आणि सगळ्या सेझिनकोटमध्ये डॅनियलची नजर कुठे सर्वांत खरी उतरली असेल तर ती इथे, असं माझं मत.

घर पुरं होतं न होतं तोच ते पुन्हा कागदावर गेलं. जॉन मार्टिन या चित्रकाराने १८१७ च्या सुमाराला त्याची दृश्यं तांब्यावर कोरली. खुद्द थॉमस डॅनियलने सेझिनकोटची तैलचित्रं रंगवली. चित्रावरून घर, घरावरून चित्र.

त्याआधीच १८०७ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचा चौथा जॉर्ज, घर पाहून गेला होता. ब्रायटनला समुद्रकाठी त्याचा महाल होता आणि तिथे घोड्यांसाठी मोठ्या घुमटाचा तबेला विल्यम पॉर्डन १८०३ पासून उभारत होता. हा पॉर्डन सॅम्युएल कॉकरेलच्याच हाताखाली शिकलेला. रेप्टनने सेझिनकोटच्या अनुभवावरून ब्रायटनसाठी हिंदुस्थानी आराखडे केले, १८०८ मध्ये ते छापलेही, पण काम त्याला मिळालं नाही. ते १८१५ नंतर जॉन नॅशला मिळालं. नॅशने ‘ओरिएंटल सीनरी’चे खंड समोर ठेवले, पण सेझिनकोटचा संयम काही घेतला नाही. घुमटांवर घुमट, मिनारांवर मिनार, आत तर चिनी ड्रॅगन. राजाच्या हौसेला मोल नव्हतं. पहिल्या महायुद्धात १९१४ पासून याच ब्रायटनच्या महालात जखमी हिंदी शिपायांचं इस्पितळ होतं. खंदकातून आणलेल्या जवानांना या घुमटांखाली घरच्यासारखं वाटेल असा सरकारी होरा होता.

ब्रायटननंतर वंश जवळजवळ खुंटला. कारण कॉकरेलांच्या घरातच दिसतं. सॅम्युएलचा मुलगा चार्ल्स रॉबर्ट हा बापापेक्षा मोठा वास्तुकार झाला, पण तो ग्रीसला गेला. ईजिना आणि बॅसीच्या देवळांत स्वतः उत्खनन केलं, खांब फुटपट्टीने मोजले. चित्रावरून घर बांधण्याचे दिवस सरले होते. नव्या पिढीला प्रत्यक्ष मोजमाप हवं होतं.

मुंबईतल्या जॉर्ज विटेटच्या वस्तुसंग्रहालयाला किंवा मेजर मँटच्या कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याला पुष्कळ जण सेझिनकोटची नातवंडं समजतात. मला ते पटत नाही. मँट १८७७ नंतर कोल्हापुरात बांधत होता तो इथली माणसं, इथला दगड, इथलं राजघराणं समोर ठेवून. विटेटने विजापूरचा घुमट डोळ्यांनी पाहिला होता. शिवाय ते राज्यकर्त्यांचं धोरण होतं, सेझिनकोट एका श्रीमंताचा छंद. खरं नातं लावायचंच तर आइल ऑफ वाइटवरच्या ऑस्बर्न हाऊसशी लावावं. व्हिक्टोरिया राणीच्या त्या घराचं बाह्यरूप इटालियन, आणि १८९० नंतर आत बांधलेला दरबार हॉल हिंदुस्थानी. म्हणजे सेझिनकोट उलटं करून घातलेलं. त्याचं काम लाहोरच्या भाई रामसिंग यांनी तिथे राहून केलं. लॉकवुड किपलिंग यांचे ते शिष्य. हे किपलिंग लाहोरला जाण्याआधी दहा वर्षं मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकवत होते. वेल्सच्या मदतनिसाचं नाव सेझिनकोटच्या कागदांत येत नाही. ऑस्बर्नला मात्र कारागीर खुद्द विलायतेत उभा आहे. मधे शंभर वर्षं गेली.

सेझिनकोट १८८४ मध्ये डगडेल कुटुंबाकडे गेलं. त्यांच्या काळात ऑक्सफर्डला शिकणारा जॉन बेचमन सुट्टीत तिथे येऊन राही. पुढे कवी म्हणून, जुन्या इमारती वाचवणारा भांडखोर म्हणून त्याचं नाव झालं, आणि त्याने कवितेतून हे घर इंग्लिश वाचकांच्या ओळखीचं केलं. १९४४ मध्ये घर क्लाइनवर्ट या बँकर कुटुंबाने घेतलं. युद्धानंतर नगररचना कायद्याने जुन्या इमारतींच्या याद्या होऊ लागल्या आणि सेझिनकोट सर्वांत वरच्या श्रेणीत आलं, जिच्यात यादीतल्या शंभरांपैकी दोनतीनच बसतात. परवानगीशिवाय अशा घराचं काही बदललं तर तो फौजदारी गुन्हा ठरतो. कायदा छज्ज्याची व्युत्पत्ती तपासत नाही. उद्या कुणी अस्सल मुघल प्रमाणं आणून खिडकीत जाळी बसवतो म्हणाला, तर त्याला नोटीस येईल.

घराच्या दक्षिणेला आज पाण्याच्या सरळ पाटाची चारबाग आहे. पाहणाऱ्याला ती डॅनियलच्या वेळची वाटते, पण ती १९६० च्या दशकातली आहे. लेडी क्लाइनवर्ट १९६५ मध्ये भारतात आल्या, मुघल बागा प्रत्यक्ष हिंडून पाहिल्या आणि परत जाऊन त्यांनी ती आखून घेतली. सरू हवे होते. त्यांच्या जागी आयरिश यू लावले, ग्लॉस्टरशरची थंडी त्यांना मानवते.